पान १४२ आणि अक्काबाईचे सात डबे

दिनांक १० जानेवारी २०२५, शुक्रवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जिथे मी चौतीस वर्षे शिकवले त्या विद्यापीठाच्या शताब्दी ग्रंथाचे पान १४२ मी उघडले. त्याच क्षणी माझे आधीचे मृत्युपत्र मनातून रद्द झाले. आज ते कागदावर रद्द करते.

मी, डॉ. करुणा कचरू लोंढे, वय ७१, राहणार बारामती, मूळ गाव कळस, तालुका इंदापूर. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. किळस आली आहे, पण ती कायद्याला चालते असे वकील म्हणतात.

विद्यापीठाचे नाव इथे लिहीत नाही. त्यांनी माझे लिहिले नाही. जुन्या मृत्युपत्रात ते सापडेल.

ग्रंथ म्हणतो की विद्यापीठाचे सर्वांत मोठे संशोधन-बळ म्हणजे भूजलाची तीस वर्षांची अखंड नोंद. परदेशातले अभ्यासकही तिचा आधार घेतात. हे खरे आहे. पुढे म्हणतो, ही नोंद तत्कालीन विभागप्रमुखांनी स्वतः केली. हे खोटे आहे.

नोंद माझ्या आईची, अक्काबाईची. १९७९ ते २००९, रोज सकाळी सात वाजता ती कळसच्या आमच्या विहिरीत गाठी मारलेला दोर सोडायची, भिजलेल्या गाठी मोजायची आणि तितके खडे त्या वाराच्या डब्यात टाकायची. तिला लिहिता येत नव्हते. डबे सात. शनिवारी मी एसटीने यायचे, खडे मोजून वहीत उतरवायचे. ताप असला तरी म्हणायची, "हीर काय माझ्यासाठी थांबती व्हय?"

सोमवारी विभागप्रमुख वही तपासून पानापानावर लाल सही करत. माणूस भला होता. "लोंढेबाई, तुमच्या आईइतके नियमित आमचे घड्याळही नाही," असे म्हणत. आज ते असते तर हे पान त्यांनीच फाडले असते.

ग्रंथसमितीचे सचिव प्रा. अविराज धुमाळ यांना मी तिथेच, प्रकाशन समारंभात, विचारले.

"मॅडम, प्रत्येक पानावर सरांची सही आहे ना."

"अहो, ती तपासल्याची सही! उद्या तुमच्या विद्यार्थ्यांचे पेपर तुमचे म्हणायचे का?"

"आता छापून झालंय, मॅडम. जेवून जा."

शेजारच्या काचेच्या कपाटात माझ्या आईचे सात डबे होते. खाली चिठ्ठी: 'ग्रामीण गृहोपयोगी वस्तू'. मी जेवले नाही.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, दुसऱ्याचे उतरवलेस तर खाली त्याचे नाव लिही. आठ वर्षांच्या मुलींना ते कळायचे.

सबब:

बारामतीचे घर विद्यापीठाला देणार होते. आता ते, तसेच कळसची जमीन आणि विहीर, माझी भाची निकिता हिला. अट एकच, रोज सातला दोर सोडायचा.

एकतीस वह्या. पैकी दोन, आणि सातही डबे, विद्यापीठाने प्रदर्शनासाठी उसने नेले आहेत. ते माझेच आहेत. पान १४२ दुरुस्त होऊन त्यावर अक्काबाई कचरू लोंढे आणि करुणा कचरू लोंढे ही नावे आली, तर वह्या आणि डबे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. तिथेच मी शिकले, ते ऋण मानते. न आल्यास वह्या-डबे सगळे कळसच्या शाळेला.

प्रा. धुमाळ यांना माझी पेपर तपासायची लाल पेन्सिल. त्यांनी ती वापरू नये, नुसती पाहावी.

अंमलबजावणी माझा भाऊ सुमित करील.

सही: करुणा कचरू लोंढे
साक्षीदार: १. म्हस्कू बाबू साळवे, कळस २. डॉ. मोना शेंडे, बारामती
स्थळ: कळस. दिनांक २७ जानेवारी २०२५.
आजची विहीर: अकरा गाठी. मोजणार निकिता, लिहिणार करुणा.

प्रत कुलगुरूंना: लेखी उत्तर २८ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे. फोन, शाल, श्रीफळ हे उत्तर धरले जाणार नाही. आणि उत्तराखाली सही ज्याने ते लिहिले त्याचीच असावी, तपासणाऱ्याची नव्हे.