हॅरिएटच्या लाल फिती

प्रति,
मा. विभागीय वनाधिकारी,
वृक्षतोड परवाना शाखा, उत्तर क्वेबेक.

विषय : 'वल्हे हरवले' वळणावरच्या नदीकाठची उरलेली चौतीस झाडे न तोडण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ सप्टेंबरचे पत्र.

महोदय,

१. मी अबेल नीपोश, आमच्या कुटुंबाच्या शिकारक्षेत्राचा राखणदार. माझी बायको हॅरिएट मार्चमध्ये वारली. हे नदीखोरे राखीव व्हावे म्हणून आमच्या क्री आदिवासींच्या ग्रामपरिषदेने आपल्याला जो नकाशा दिला, तो तिने दोन उन्हाळे पायी फिरून काढला. आपण तो परत पाठवलात आणि लिहिलेत, की नकाशा काढणाऱ्याने समक्ष येऊन सही करावी. मी मृत्यूचा दाखला पाठवला. त्यावर आपण सहीसाठी मुदत वाढवून दिलीत.

२. आम्ही अस्वल किंवा नदीत बांध घालणारा बीव्हर मारून खाल्ला की त्याची कवटी स्वच्छ करून नदीकाठच्या झाडावर दोरीने टांगतो, लाल फीत बांधतो. हाडे कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नयेत, आमच्याकडे पाहुणा म्हणून आलेल्या त्या प्राण्याचा मान राहावा म्हणून. चाळीस वर्षे या फिती हॅरिएटने बांधल्या. ऑगस्टमध्ये ठेकेदाराच्या माणसांनी वरच्या अंगाची फितीवाली झाडे सर्वांत आधी पाडली. मुकादम मला म्हणाला, "आजोबा, आमच्यात लाल फीत म्हणजे तोडायच्या झाडाची खूण. झाडाला हाडं कोण बांधतं?" माझी मेहुणी मिनी शेजारी होती. ती म्हणाली, "तुझ्याकडे पाहुणा आला की जाताना त्याला कुत्र्यापुढे टाकतोस का रे?"

३. त्यानंतर आपली पाहणी झाली. पत्रात लिहिले आहे की तिथे माणसाच्या वापराची खूण आढळली नाही, सबब उरलेली झाडे नदी गोठल्यावर तोडावीत. खुणा, म्हणजे पाडलेल्या झाडांवरच्या कवट्या, मी आधीच चिखलातून वेचून आणल्या होत्या; उभ्या झाडांवरच्या फिती आपण तोडीच्याच धरल्या असाव्यात. एका कवटीवर यंत्राच्या पट्ट्याचे दात उमटले आहेत. रागवायची ताकद माझ्यात मार्चनंतर उरलेली नाही. आपले पत्र हातात धरायची किळस येते, एवढेच.

४. नकाशा सहीविना स्वीकारावा व तोड थांबवावी.

५. उरलेल्या चौतीस झाडांच्या फिती मी रविवारी सोडल्या. तिची गाठ घट्ट असे. चाकू लावला नाही, म्हणून अख्खा दिवस गेला. आता त्या काठावर लाल काही नाही. यापुढे एक जरी झाड पडले, तरी ते चुकून पडले असे कळवू नये.

उत्तराची वाट पाहणारा,
अबेल नीपोश
दि. ६ ऑक्टोबर

सोबत :
नकाशा, पुन्हा.
मृत्यूचा दाखला, तिसरी प्रत.
लाल फिती, चौतीस. पाहून परत कराव्यात. झाडे उभी राहिली तर बांधायच्या आहेत.