बुंध्यावरचा डिंक

पुणे,
८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांना भार्गवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. गुडघ्याचं तेल पाठवलंय, ते लावायला, कपाटात जपून ठेवायला नाही. अंबडला यंदा पाऊस बरा झाल्याचं आई सांगत होती. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही ‘बोल बाळा’ म्हणता आणि सांगायचं ते सोडून मी भलतंच बोलत बसते. गेले दोन रविवार तेच झालं.

ऑफिसात सध्या गडबड आहे. आमचं मोसंबीचं ॲप तुम्हाला माहीत आहेच. शेतकरी झाडाचा फोटो पाठवतो आणि यंत्र सांगतं, झाड निरोगी आहे की बुंध्यातून डिंक गळणारा डिंक्या रोग झालाय. यंत्राला हे आपोआप कळत नाही. आधी जाणकार माणसं हजारो फोटोंखाली उत्तरं लिहून ठेवतात, त्यावरून ते शिकतं. ही उत्तरं ज्या पानावर होती ते पान उघडंच राहिलं होतं. लिंक ज्याच्या हाती, त्यानं उत्तर बदलावं. ना पासवर्ड, ना कुणी काय बदललं याची नोंद. जालन्याकडून तक्रारी आल्या तेव्हा तपासलं, तर डिंक्याच्या कितीतरी फोटोंखाली कुणीतरी ‘निरोगी’ करून ठेवलेलं. यंत्र तेच शिकलं.

तपासणीसाठी बाहेरून आलेले स्वानंद सर मीटिंगमध्ये म्हणाले, हे मुद्दाम केलेलं काम आहे आणि हल्लेखोर मोसंबीतला माहीतगार आहे, कारण त्यानं नेमकी आजारीच झाडं निवडलीत. सगळे माना डोलावत होते. मी पाणी प्यायला उठून गेले.

मागच्या महिन्यात मी शहागडला भुजंगकाकांकडे जाऊन आले. तुम्हाला सांगितलं नाही. त्यांची हमरस्त्यालगतची बाग आता नाही. वाळलेली झाडं तोडून बांधावर रचून ठेवलीत. नंदाकाकू चहा देऊन आत गेल्या त्या परत बाहेर आल्या नाहीत. काका म्हणाले, “मागच्या पावसाळ्यात बुंध्याला डिंक दिसल्ता. मंग फोटो टाकला. निरोगी म्हणलं ते. तुझ्या कंपनीचं हाय, बराबरच असंल म्हणून बुंध्याला बोर्डोचं औषध लावलंच न्हाई.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “झाडाकडं बघायचं सोडून फोनकडं बघून राह्यलो आम्ही.” मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मामा, आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. ती लिंक तुम्हाला मी पाठवली होती. मामी गेल्यावर तुमचा वेळ जात नव्हता, आपल्या भागातल्या बागा बघत बसाल, एवढंच माझ्या मनात होतं. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला फोनवर तुम्ही किती खुशीत होता. “तुझंच काम करून राह्यलो. लोकांच्या नावाखाली काय काय लिहून ठेवलंय तुमच्या पोरांनी. भरल्या बागेला रोगट म्हणू न्हाई. बिलकुल सगळं नीट करून टाकलं.” मी हसले. मला वाटलं, नेहमीसारखी गंमत करताय.

तुम्हाला ते पान म्हणजे चावडीवरचा फळा वाटला. शेतकऱ्याचं नाव, आणि त्याखाली चारचौघांत रोग. आपल्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत, घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. तुम्ही तेच केलंत. दुसऱ्याच्या बागेचं भलं चिंतलंत. तुम्हाला हल्लेखोर म्हणतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण भुजंगकाकांची बाग त्यामुळेच गेली, हेही खरं आहे. तुमची नि त्यांची शाळेपासूनची दोस्ती, म्हणून हे एक वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले.

पान आता बंद केलंय. यंत्र मात्र चालूच आहे. पाऊस आहे, डिंक्या पसरतोय आणि लोक अजून त्यालाच विचारताहेत. प्रत्येक फोटो नव्यानं तपासायचा तर हंगाम निघून जाईल. यंत्र थांबवा म्हटलं तर वरचे पुरावा मागतात, कोणती उत्तरं खोटी आहेत ते दाखव म्हणतात. पुरावा तुम्हीच आहात, मामा. कुठं हात लावला ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

रविवारी मी येते. आपण शहागडला जाऊ. काकांच्या ओट्यावर बसून मी एकेक फोटो दाखवीन, आणि जिथं डिंक आहे तिथं तुम्ही मोठ्यानं ‘डिंक्या’ म्हणायचं. काकांना मात्र आधी तुम्हीच सांगा. माझ्याकडून त्यांना कळू नये.

अजून एक आहे, ते कधीच सांगणार नव्हते. मामीच्या दुखण्याचं नाव तुम्ही घरात कुणाला घेऊ दिलं नाहीत. आल्यागेल्याला ‘बरी आहे’ एवढंच सांगायचात. शेवटी शेवटी ती मला म्हणाली होती, “ह्यांनी एकदा नाव घेतलं असतं तर दोघं मिळून रडलो तरी असतो गं.”

तुम्ही स्वतः ॲपवर पाठवलेल्या फोटोंत तुमच्या परसातलं मोसंबीचं झाडही आहे, तिनं लावलेलं. खाली ‘निरोगी’ लिहिलंय. मी फोटो मोठा करून बघितला. बुंध्यावर डिंक आहे. झाड अजून वाचेल. सुरुवात त्याच्यापासून करा.

रागावलात तरी दार उघडाल, एवढ्या भरवशावर निघणारी
तुमची
भार्गवी