बाबांनी काढलेल्या त्रुटी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता येईल तेवढाच). तुझा गुडघा कसा आहे? भावजींचं घोरणं कमी झालं का, की तू अजून बाहेरच्या खोलीतच झोपतेस?

तू दर फोनला विचारतेस, आई-बाबांना कायमचं इकडे आणायचं घोडं कुठे अडलंय. ताई, ते इथल्या सरकारात अडलेलं नाही. तुझ्यापासून चार घरं सोडून, बाबांच्या टेबलावर अडलंय. ज्या माणसाने चौतीस वर्षं कचेरीत बसून लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या, त्याच्याकडे मी भाबडेपणाने दोघांच्या व्हिसाचा अर्ज सहीला पाठवला. (नुसती सही! फुली मारून जागाही दाखवली होती.) पंधरा दिवसांनी तो सहीशिवाय परत आला, वर वेगळा कागद टाचून लाल शाईत तीन शेरे. एक, फोटोत प्रायोजक (म्हणजे त्यांना इकडे बोलावणारा मी) विनाकारण हसतो आहे. दोन, पान सातवर खाडाखोड आहे. तीन, प्रायोजक हा आमचा मुलगा असल्याचा पुरावा जोडलेला नाही. मी तडक फोन लावला, म्हटलं बाबा, मी तुमचा मुलगा आहे हे तुम्हाला माहीत नाही का? म्हणाले, "मला माहीत आहे रे, फाइलला माहीत नाही."

जन्मदाखला मिळवला, न हसता फोटो काढला (फोटोवाल्याने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?) आणि पुन्हा पाठवला. दरम्यान आईने दोन बॅगा भरल्या आहेत, ते तू बघतेसच. कुकरही त्यातच गेल्यामुळे ती रोज बॅग उघडून स्वयंपाक करते आणि कुकर घासून पुन्हा आत ठेवते म्हणे. मीही काही कमी नाही. इथल्या रिकाम्या खोलीत त्यांच्यासाठी पलंग आणून टाकलाय. शेजारचा बसड्रायव्हर आणि मी, दोघांनी तो तीन मजले चढवला. (मी लिफ्ट दुरुस्त करणारा आणि आमच्याच इमारतीला लिफ्ट नाही. कंबर गेली ती तिथेच.)

दुसऱ्या खेपेला बाबांनी चौदाव्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे आणण्याचं कारण विचारलंय. मी लिहिलं होतं, वृद्ध आईवडिलांचा सांभाळ. शेरा आला, "आम्ही दोघे धडधाकट आहोत. खरे कारण लिहून फेरसादर करावे." मी असा भडकलो की दोन दिवस फोनच केला नाही. मुदत दोन महिन्यांवर आली आहे, ती हुकली तर पुन्हा कित्येक वर्षं रांगेत, आणि हे शेरे मारत बसलेत! तिसऱ्या दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात उभा असताना लक्षात आलं की सकाळपासून मी कोणाशी एक अक्षर बोललेलो नाही. घरी येऊन रकान्यात लिहिलं, "मला इथे एकट्याला करमत नाही." आणि लाज वाटायच्या आत पाठवून दिलं.

भावजींना नमस्कार. गुडघा शेकत जा, नुसतं बोलू नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. अर्ज आज परत आला. आईची आणि बाबांची, दोन्ही सह्या आहेत. टाचलेल्या कागदावर एवढंच, "कारण योग्य आहे." मी ते चारदा वाचलं. ड्रायव्हरलाही दाखवलं. (त्याला आपली लिपी येत नाही, तरी त्याने मान हलवली.)

ता.ता.क. त्या कागदाच्या मागे अजून एक शेरा आहे, तो आत्ता दिसला. "मुलीचे ना हरकत पत्र जोडलेले नाही." ताई, ही अट इथल्या सरकारची नाही, बाबांची आहे. एवढ्या जाड अर्जात तुझं नाव कुठेच नाही, आणि खरं सांगतो, तुला विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ते दोघं इकडे आले की तिथे तुझं माहेर उरत नाही. तेव्हा पत्र पाठव. हरकत असेल तर तसं स्पष्ट लिही, मी अर्ज टाकणार नाही. पण उगाच मोठेपणा करून "माझी काही हरकत नाही" असं लिहू नकोस. बाबा ते तुला परत पाठवतील.