पंखाखालची पट्टी

२ मार्च, रविवार
हिचं शेवटचं मॉडेल विमान मी पूर्ण करणार. ठरलं. क्लबचा जुन्या धाटणीच्या विमानांचा दिवस १३ एप्रिलला आहे, त्या दिवशी उडवायचं. भरपूर वेळ आहे.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला टीव्हीचा रिमोट जमत नाही. म्हटलं, वीस वर्षं हिच्याबरोबर मैदानावर जातोय, बघून बघून माणूस शिकतो. म्हणाली, तुम्ही खुर्ची टाकून पेपर वाचायचात.

पेपर वाचतानाही दिसतं.

३ मार्च
हिच्या खोलीत गेलो. ही गेली तेव्हापासून पहिल्यांदाच. सामान तपासायला म्हणून.

धड तयार. शेपूट तयार. पंख तयार, त्यावर पिवळा पातळ कागद ताणून लॅकरही मारून झालाय. राहिलंय काय तर मोटर, बॅटरी, रिमोटची जोडणी आणि चाकं. म्हणजे अवघड तेवढं सगळं माझ्याकडे आलं.

हिच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. ही तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायची, पण स्वतःचं टेबल कधी नीट केलं नाही. खोक्यात रंगाचे डाग पडलेली एक जुनी लाकडी पट्टी मिळाली, ती पायाखाली सरकवली. टेबल पक्कं झालं. पाच मिनिटांचं काम. माणसाने मनावर घ्यायला हवं.

खिडकी उघडली नाही. खोलीला अजून लॅकरचा वास आहे.

६ मार्च
आज एक गोष्ट लक्षात आली. लिहू की नको असं झालंय. पण ही वही दुसरं कोण वाचणार?

हिचे पंख वाकडे आहेत.

दोन्ही. धडाजवळ, बुंध्याकडे सपाट, पण टोकाला मागची कड वर उचललेली. पीळ पडलाय. खिडक्या-दारांच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो, तिथे अशी चौकट आली असती तर तिच्यावर लाल खडूची फुली मारून परत पाठवली असती.

तेव्हाच कळायला हवं होतं. ही एकेक पंख जुळवत होती तेव्हा टोकाजवळ, मागच्या कडेखाली, एक पट्टी विसरायची. टेबलाखाली घातली ती हीच पट्टी. संध्याकाळी टेबल आवरताना मी ती काढून खोक्यात ठेवायचो. सकाळी पाहावं तर पुन्हा तिथेच. एकदा मी काढताना ही दारात उभी होती. माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, आपल्याच विसरभोळेपणाला हसतेय. मीही हसलो.

तोवर औषधं सुरू झाली होती. हात थरथरत असणार. बोलली नाही कधी.

हे कुणाला कळता कामा नये.

९ मार्च, रविवार
मोटर जोडली. सुरू केल्याबरोबर तोंडावर छान वारा आला. पॉवर उत्तम. विमान मात्र मागे सरकलं आणि शेपटीने चहाचा कप पाडला. मोटर सदोष.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, काका, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. म्हटलं, नव्या मोटरच्या वायरी गिऱ्हाइकाने बदलायच्या, हा कसला क्वालिटी कंट्रोल? बदलल्या. सरळ फिरली. दुकानदाराला कळवलं नाही. उगाच चढून बसेल.

ही पूर्वी इंधनाची इंजिनं वापरायची. प्रॉपेलर बोटाने फटकारायची, धुराचा लोट निघायचा, अंगाला तेलाचा वास यायचा. मग एका वर्षी सगळी इंजिनं विकली आणि बॅटरीवर आली. कारण सांगितलं नाही. मी ओळखलं होतं. बोटांतली ताकद गेली. मीही विषय काढला नाही. आमचं तसं असायचं.

१५ मार्च
पंख सरळ केले.

किटली उकळत ठेवली. टोक वाफेवर धरायचं, कागद सैल पडला की हाताने उलटा पीळ द्यायचा, मग टेबलावर ठेवून वर वजन. वजनाला शब्दकोशाचे दोन खंड आणि इस्त्री. गार होईपर्यंत हलवायचं नाही. एका वेळेला पीळ निघत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. आठवडा गेला त्यात. एकदा बोट भाजलं, पण कागद फाटू दिला नाही.

आज फूटपट्टी लावून पाहिली. बुंध्यापासून टोकापर्यंत कुठेही फट नाही. इतकी सरळ वस्तू मी नोकरीतही क्वचित पास केली असेल.

वाटलं होतं, झाल्यावर आनंद होईल. झाला. थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.

हे आता तिघांनाच माहीत. मी, किटली आणि ही वही.

२२ मार्च
लेकीने कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सरावाचा प्रोग्रॅम घालून दिला. विमान प्रत्येक वेळी पडतं. प्रोग्रॅममध्ये वारा जास्त धरलाय.

बारीक स्क्रू दिसत नव्हते म्हणून हिचा चष्मा लावला. नंबर माझ्यापेक्षा जास्त आहे. तरी बरं दिसतं. काढायचा विसरलो आणि तसाच दूध आणायला गेलो. दूधवाला म्हणाला, नवा वाटतं? म्हटलं, हो.

संकल्प: रोज अर्धा तास सराव.

२९ मार्च
सराव झाला नाही. डोळे दुखतात. शिवाय खऱ्या विमानाचं वेगळं असतं.

बॅटरी कुठे बसवायची हा प्रश्न होता. मागे जागा मोकळी होती, तिथे बसवली. सुटसुटीत.

खोलीत छताला हिची दोन जुनी विमानं टांगलेली आहेत, एक लाल, एक निळं. खालून पाहिलं तर लाल विमानाच्या पंखाच्या टोकालाही तोच पीळ असावा असं वाटलं. लेक शाळेत होती तेव्हाचं आहे ते. म्हणजे ही चूक आजाराच्या आधीची, हाताला सवयच लागलेली. एवढी वर्षं मी खाली बसून चहा प्यायलो आणि कधी मान वर केली नाही. १३ तारीख झाली की स्टूल घेऊन तीही सरळ करून टाकीन. एकदा काम हातात घेतलं की पुरं करावं.

६ एप्रिल, रविवार
मैदानावर गेलो. नुसतं दाखवायला.

तिथे दोघंच होते. एक दातांचा डॉक्टर, क्लबमधलं सगळ्यात चांगलं विमान त्याचं. दुसरा कॅप्टन. हा कधीच कुठला कॅप्टन नव्हता, बस डेपोत होता, टोपीमुळे नाव पडलं. मला तो इन्स्पेक्टर म्हणतो. आज म्हणाला, काय इन्स्पेक्टर, खुर्ची कुठाय? पेपर कुठाय? म्हटलं, आज मी कामाला आलोय. म्हणाला, मग ऊन सांभाळा, डोक्यावर पेपरही नाही.

डॉक्टरने पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचललं. शेपूट धाडकन खाली. म्हणाला, काका, बॅटरी नाकाकडे घ्या, नाहीतर हे विमान नाही, फरशी पुसायचं फडकं आहे. पुढे घेतली. तशी मी घेणारच होतो.

मग त्याने विमान डोळ्यासमोर धरून पंखाकडे मागून पाहिलं. बराच वेळ. म्हणाला, पंख अगदी सरळ आहे हो काका. म्हटलं, आहेच. त्याने पुन्हा पाहिलं आणि विचारलं, मॅडमनी असाच केला होता?

म्हटलं, हो. असाच.

खोटं बोललो. पण हिच्यासाठी बोललो. डॉक्टर म्हणाला, मॅडमनी केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल.

तेवढ्या एका वाक्यासाठी महिनाभर राबलो असं वाटलं. घरी येताना रिक्षात विमान मांडीवर घेतलं. कागद पिवळा आहे हे आज उन्हात नीट दिसलं.

कॅप्टन निघताना म्हणाला, बॅटरीवालंच आणलंत ते बरं. मॅडमनी इंजिनं तुमच्या खोकल्यापायी सोडली, माहितीय ना? हवेत धूर दिसला की आम्हाला ओरडायच्या, पलीकडे व्हा, तिकडे हे बसलेत.

कॅप्टन काहीही बोलतो.

१३ एप्रिल, संध्याकाळ
पडलं.

जेवण नको.

१४ एप्रिल
लिहून टाकतो.

वारा नव्हता. डॉक्टर म्हणाला, पहिलं उड्डाण मी करतो, ट्रिम बसलं की तुम्ही घ्या. ट्रिम म्हणजे काय तर रिमोटवर बारीक बटणं असतात. विमान एका बाजूला ओढत असेल तर ती दाबून दाबून त्याला सरळ जायला लावायचं. म्हटलं, नको, मीच करणार. कॅप्टन म्हणाला, इन्स्पेक्टर, हट्ट सोडा. डॉक्टर माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

कॅप्टनने हातातून सोडलं. गेलं. डावीकडे ओढत होतं. डॉक्टर म्हणाला, उजवीकडे दोन टिचक्या द्या. दिल्या. अजून एक. दिली. आणि मग ते सरळ गेलं. खरंच सरळ. मैदानाच्या पलीकडच्या झाडांवरून वळलं तेव्हा ऊन पंखातून आरपार दिसलं, आतल्या बारीक काड्या दिसल्या, हिने एकेक कापलेल्या. कॅप्टनने टोपी काढली. मी काहीतरी बोललो म्हणे. मला आठवत नाही. डॉक्टरने ऐकलं असावं, पण त्याने मला विचारलं नाही.

मग उतरवायला वेग कमी केला. डॉक्टर म्हणाला, काका, फार कमी नको. मी म्हटलं, ही नेहमी हळूच उतरवायची. ते मात्र मी खरंच पाहिलंय. पेपर खाली ठेवून बघायचो. विमान इतकं हळू यायचं की कुणीतरी ते दोन्ही हातांनी खाली ठेवतंय असं वाटायचं.

तेवढंच हळू आणलं. डावं टोक एकदम खाली गेलं आणि विमान गरगरत नाकावर आलं.

तुकडे आम्ही तिघांनी गोळा केले. डॉक्टर गुडघ्यावर बसून गवतातून बारीक काड्यासुद्धा वेचत होता. मग खाली बघतच म्हणाला, काका, मॅडमच्या विमानाचं टोक असं कधीच पडायचं नाही. त्या पंखाच्या टोकाला पीळ द्यायच्या, मागची कड थोडी वर. त्यामुळे कितीही हळू आणलं तरी टोक तरंगत राहतं. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं ते. या वेळी पंख सरळ पाहून मला नवल वाटलं होतं, पण तुम्ही म्हणालात त्यांनीच केलाय. मॅडमच्या कामात मी काय बोलणार?

मी म्हटलं, वारा आला असेल.

कॅप्टनने माझ्यासाठी खुर्ची आणली. स्वतःच्या गाडीतली.

१६ एप्रिल
डॉक्टर दातांचा आहे. विमानातलं त्याला सगळंच कळतं असं नाही.

१९ एप्रिल
त्याचं म्हणणं खोटं पाडायला स्टुलावर चढून लाल विमान खाली काढलं. पंखाची एक बाजू टेबलावर सपाट दाबली. टोकाला मागची कड वर. दुसरी बाजू दाबली. तेवढीच वर.

दोन्हीकडे सारखी आहे का ते मोजायला तेवढ्या जाडीचं काहीतरी हवं होतं. कारखान्यातले जाडी मोजायचे माझे गेज कमी पडले. इकडे तिकडे पाहिलं. मग खाली वाकून टेबलाच्या पायाखालची पट्टी ओढून काढली.

डावीकडे सरकवली. बरोब्बर बसली. उजवीकडे सरकवली. बरोब्बर बसली. प्रकाशाकडे धरून पाहिलं, मधून उजेड येत नाही.

निळं विमान काढलं. तेच.

मग पट्टी उन्हात नेऊन बघितली. डाग लॅकरचे आहेत. लाल. त्यावर निळा. त्यावर पिवळा, ताजा.

हात थरथरत नव्हता.

रोज संध्याकाळी मी काढायचो. रोज सकाळी ही परत ठेवायची. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तरी मी म्हटलं असतं, वाकडं आहे.

२० एप्रिल, रविवार
पडलेल्या विमानाचा उजवा पंख शाबूत आहे. त्याला पुन्हा पीळ द्यायचं ठरवलं. किटली, वाफ, टोकाखाली पट्टी, वर शब्दकोश आणि इस्त्री. दुपारी वजन उतरवून पट्टी काढली. पंख हळूहळू पुन्हा सरळ झाला. परत केलं. परत सरळ. काम पक्कं झालंय माझं. निघायचं नाही ते. तरी पट्टी पुन्हा टोकाखाली सरकवली.

लेकीचा फोन आला. विचारलं, कसं झालं उड्डाण? आठवडाभर तुम्ही कळवलंच नाही. म्हटलं, वर छान होतं. ती म्हणाली, आणि खाली? मी टेबलावर कोपर टेकलं. ती म्हणाली, बाबा, खटखट कसली येतेय?

म्हटलं, टेबल डगमगतंय.

म्हणाली, मग पायाखाली घाला ना काहीतरी.

म्हटलं, घरात तेवढ्या जाडीचं काही नाही.

संध्याकाळी टेबल आवरलं. कप उचलला, काड्या खोक्यात भरल्या, चष्मा घडी करून ठेवला. पट्टी पंखाखालीच राहू दिली.