एक माणूस झाकून

२ मे, शनिवार

इसरलीस न्हवं, वहीबाई? काल तुला बसून सांगितलं – मी केराबाई, थांबेवाडीची, मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव – आन् आज उघडून बगते तर तू कोरीच्या कोरी! मला वाचता येत न्हाय, पर कोरं कळतं की. माझं बोलणं गिळून बसलीस व्हय?

पायल म्हणती, "आजी, वही इसरत न्हाय. मीच लिहायला इसरले. तू बोलत हुतीस तवा मी चिंचा खात हुते."

बरं. म्हंजी इसरणारी ही.

तर परत सांगते. ही वही जोतिरामच्या कंपनीनं वाटली. जोतिराम माझा ल्योक, चिंचोळीला एमआयडीसीत मशीनवर हाय. ज्या आईनं जन्मात पाटी धरली न्हाय तिला डायरी आणली! म्हणला, "तू सांग, पायल लिहील." पायल त्याची पोरगी. रांगत हुती तवापासनं माझ्यापाशी. हितल्या शाळेत सातवीपतोर वर्ग, ते संपले. आता जूनमधी ती चिंचोळीला जाणार, आई-बापापाशी, आठवीला.

तवर वही भरायची असं ठरलंय. हे लिहिताना पोरीनं मान वर केली न्हाय. मीबी मेंढराकडं बगत बसले.

४ मे, सोमवार

पायल म्हणती, गावाची गोष्ट सांग.

आमचं गाव कुणा पाटलानं वसवलं न्हाय, मेंढरांनी वसवलं. आमच्या मालकांच्या आज्याचा बाप मेंढरं घिऊन निघाला हुता. बायको पोटुशी. हितं बाभळीखाली मेंढरं बसली ती उटंनात! शीळ घातली, काठी आपटली, कुत्री सोडली – उटंनात. म्हातारा म्हणला, आजच्या दिस थांबू. त्याच रातीला बायको बाळत झाली. मग म्हणला, बारसं होईस्तवर थांबू. मग पाऊस होईस्तवर. मग कुणी इचारायचंच सोडलं. म्हणून थांबेवाडी.

मागनं भाऊबंद आले. मग एक लव्हार आला, त्याच्यामागं त्याचा मेव्हणा. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं, सुकडी खाऊन जगलं आन् माघारी आलं. आता दुष्काळ नसला तरी जात्यात. पुण्याला, चिंचोळीला, कुटं कुटं. बिरोबाच्या जत्रंला या – भाकरी पुरणार न्हाय इतकी माणसं! जत्रा उटली की कुत्रीबी कंटाळत्यात. थांबायला म्हणून वसलेलं गाव, आन् आता थांबाय कुणी तयार न्हाय.

पायलनं इचारलं, "आजी, मग मी कुटली?"

मी म्हणलं, "आधी नाक पूस."

६ मे, बुधवार

म्हातारा इचारतोय, माझं काय लिव्हलं. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाय. पायल, तूच लिही – येडू. झालं? आता खुश.

कान गेलं त्येचं. पर सांजंला मेंढरं आत घेताना अजून जाळीच्या तोंडाशी उभा ऱ्हातो. मोजत न्हाय. मेंढरं मोजायची नसत्यात, नजर लागती. नुसती तोंडं बगायची. एखादं मागं ऱ्हायलं तर मोजल्याबिगर कळतं त्येला. बायकोचं तोंड कवा बगितलं हुतं ते मातर इचारू नगा.

८ मे, शुक्रवार

आज सोमशेखर गुरुजी आले, आमच्या शाळेचे. अक्कलकोटकडचे हायती, मधीच कानडी सुटतंय तोंडातनं. टँकर सुरू व्हायचाय. जितकी माणसं तितकं पाणी, म्हणून घरोघर माणसं लिहून घेत हुते. पायल तवा हापशावर रांगेत.

"नीरु बेका, आजी? पाणी पायजे न्हवं? मग माणसं सांगा."

मी म्हणलं, "च्या घ्या आधी."

"आधी माणसं."

"दोघं. मी आन् म्हातारा. म्हातारा निम्माच धरा, आंघोळ करत न्हाय."

गुरुजी हसले. म्हणले, "दोघंच? बरोबर हाय. पायल आता जाणारच की." मी च्याची कपबशी म्होरं सारली. त्यांनी लिहून घेतलं, दोघं

१० मे, रविवार

अक्षर बदललंय, वहीबाई. बुजू नगंस. ही प्रियदर्शनी, शेजारच्या सोनाबाईची सून. सोलापूर शहरातली, कॉलेज केलेली.

परवा पायलचा पेन "दोघं"वर थांबला तो थांबलाच. मला काय ठावं! मी आपली गंमत सांगितल्यागत सांगत हुते. पोरीनं वही मिटली. म्हणली, "मी अजून हितंच हाय की! जायच्या आधीच काढून टाकलंस व्हय? माझ्या वाटचं पाणीबी नगं तुला?"

तवापासनं बोलत न्हाय. जेवती, भांडी घासती, मेंढरामागं जाती, पर आजी म्हणून हाक न्हाय. आबाच्या कानात वरडती, "आबा, त्यांना सांगा भाकरी झाली." त्यांना! ढुंगण धुतलं हिचं, आन् मी 'त्यांना' झाले!

प्रियदर्शनी इचारती, "पण काकू, तुम्ही खरंच का नाही सांगितलं तिचं नाव?"

हिला ठावं नसणार. शहरातली. आमच्यात कुणी माणसं इचारली की सगळी सांगत न्हाईत. एक झाकायचं. मेंढरागत. भरलं घर बोलून दावलं की नजर लागती. आन् झाकायचं कुणाला? जे गेलं तर घर उटंल, त्येला.

मी नवी सून आले तवा दारात एक पावणा आला. त्यानं इचारलं, घरात कोण कोण. सासूनं सगळी सांगितली, मालक, दीर, नणंद. मलाच सोडलं! मी दाराआड उभी, हातात पिठाचा गोळा. मनात म्हणलं, हे काय माझं घर न्हवं. जात्यामागं बसून रडले. म्हाताऱ्यानं बगितलं. तवाबी त्यो कमीच बोलायचा. कोकरू खांद्यावर घिऊन उभा ऱ्हायला आन् म्हणला, "आई तुला झाकती." तेवढंच. पीठ मळायला उटले मी. त्या दिसापासनं ह्या घरातनं मला कुणी हलवलं न्हाय.

"मग हेच पायलला सांगा की."

"सांगितलं की उघडं पडलं! तू लिहितीस, ऐकत न्हाईस, ध्यानात ठेव."

प्रियदर्शनी जराशानं हळूच म्हणली, "आमच्या आत्यांनी कुणाला झाकलं असेल हो?"

मी म्हणलं, "तुझ्या नवऱ्याला, दुसरं कोण! तुमचं सासू-सुनांचं तर रोज भाकरीवरनं भांडण." ती हसली. पर पेन जरा थांबला. मला दिसतं.

१३ मे, बुधवार

टँकर आला. निम्म्या गावालाच पुरला. सोनाबाईची घागर रिकामी, तोंड भरलेलं.

पायल दोन कळशा भरून आली. एक माझ्याम्होरं ठिवली. तोंड फिरवून आत गेली.

१५ मे, शुक्रवार

आज कोण लिहितंय ते सांगत न्हाय. शेवटाला कळंल.

सांजंला बिरोबाच्या देवळाम्होरं सगळं गाव. गुरुजी लई तापले हुते.

"अय्यो! माझ्या वर्गात रोज बसणारं पोरगं, आन् घरचे म्हणतात आमच्यात पोरगं न्हाई! महिपती, तुमची बायको माझ्या हातात च्या देत हुती आन् तुमी मला सांगितलं, घरात मी एकटाच!"

सगळी हसली. महिपतीनं टोपी सारखी केली.

"मी टँकर मागितला तो तुमी सांगितलेल्या माणसांपुरता. बाकीच्यांनी काय प्यायचं? खरी माणसं सांगा. तरच दुसरी खेप मिळंल."

कोण आधी उघडं करणार? ज्येचं उघडं पडंल त्येला नजर. सोनाबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत हुती. पायल लांब, पारावर, माझ्याकडं पाठ करून.

मी म्हणलं, केराबाई, पोरीला नजर लागंल ती लागंल, पर पोरगी अशी रुसून गेली तर? नजर काढता येती. रुसवा घिऊन एसटीत बसलेलं लेकरू कसं काढायचं माघारी?

उटले. गुडघं वाजलं तशी सगळी बगाय लागली.

"लिहा गुरुजी. आमच्यात तिघं. तिसरी पायल. ती जाणार म्हणून सोडली न्हवती मी. झाकली हुती. माझ्या सासूनं मला झाकलं हुतं तशी. आता उघडी केली. बिरोबा, आता तूच बग तिच्याकडं."

पायलनं तोंड वळवलं न्हाय. पर खांदं हलाय लागलं.

मग महिपती म्हणला, "लिहा. बायको." त्येची बायको पदराआडनं बोलली, "अगं बया! मला वाटायचं ह्येंच्या ध्यानातच न्हाय मी!" मग एकेक उटाय लागलं. कुणाची म्हातारी आई, कुणाचं पांगळं लेकरू, कुणाची माघारी आलेली बहीण. गुंडा म्हणून एक पोरगं हाय, त्येनं तर त्याचा शर्यतीचा मेंढा सांगितला! गुरुजी म्हणले, "अरे मेंढ्याला माणशी पाणी न्हाई!" गुंडा म्हणला, "मग माझं त्येला द्या, मी पितो कुटंबी."

शेवटाला सोनाबाई. जिचा आवाज मंगळवेढ्यापतोर जातोय, ती इतकी बारीक बोलली की गुरुजींना परत इचारावं लागलं.

"आमची प्रियदर्शनी."

प्रियदर्शनी घागर कमरंवर घिऊन उभी हुती, ती तशीच. सोनाबाई लगीच वरडली, "बगती काय! भाकरी अजून गोल येत न्हाय तुला!" प्रियदर्शनीनं पदर तोंडात धरला. हसत हुती का रडत, देवाला ठावं.

ह्या गावात असलं कुणी जन्मात बोलत न्हाय. पाण्यापायी बोलले.

आता हे कोण लिहितंय? अंधारात घराकडं येताना कुणीतरी मागनं माझा पदर धरला. अजून सोडला न्हाय. एका हातानं वही दाबून ठिवता येत न्हाय, म्हणून अक्षर वाकडं. म्हणती, "आजी, हे लिहाय लावू नगं." लिही म्हणलं!

१६ मे, शनिवार

मीठ, मोहऱ्या, मिरच्या पायलवरनं उतरून चुलीत टाकल्या. ठसका आला न्हाय, म्हंजी नजर लई हुती. पायल म्हणती मिरच्या जुन्या हुत्या. चिंचोळीला जायच्या आधीच शाणी झाली.

दुसरी खेप आली. म्हाताऱ्याला धरून आंघोळ घातली.

१३ जून, शनिवार

प्रियदर्शनी लिहिती.

पायल गेली. जोतिराम न्यायला आला हुता. रडायचं न्हाय असं दोघींचं ठरलं हुतं. ती रडली न्हाय. मी म्हणलं चुलीचा धूर गेला डोळ्यात. चूल पेटवलीच न्हवती.

सांजंला मेंढरं आत आली. म्हातारा जाळीच्या तोंडाशी उभाच. मी वरडून सांगितलं, "आली की सगळी, चला जेवाय."

त्यो म्हणला, "एक कमी हाय."

२२ जून, सोमवार

पायलचा फोन आला. नव्या शाळेत बाईंनी एकेकीला उभं करून इचारलं, घरात कोण कोण. हिनं सांगितलं – पप्पा, आई, मी, आन् गावाला आबा. बाई म्हणल्या, "आणि आजी?" ही म्हणली, "आजी न्हाय." बाईंनी हिच्या डोक्यावरनं हात फिरवला!

"आजी, त्यांना वाटलं तू मेलीस. रागावलीस?"

मी फोन म्हाताऱ्याच्या बहिऱ्या कानाला लावला आन् आत गेले.

प्रियदर्शनी, लिही. रविवारी जोतिराम येतोय, त्याच्यासंगं धाडायचं – कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, मीठ लावलेल्या चिंचा. भाकऱ्या सोनाबाईला थापू दे, तू नगं. आन् मोजू नगंस. फडकं भरंल तवर घाल.