रविवारची वाफ

अड्याळ,
मंगळवार

प्रिय देवादादा,

दर रविवारी फोनवर बोलणारी बहीण एकदम चार पानं लिहायला बसली म्हणून घाबरू नकोस. आधी शांत बस आणि मग वाच. पोस्टाने हे तुझ्यापर्यंत पोचायला महिना लागेल, म्हणून लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवणार आहे. फोनवर सांगायचं तर बाबांची खाट आणि फोनची रेंज एकाच खोलीत. शिवाय माझा आवाज तुला माहीत आहे, जरा काही झालं की फुटतो. आज अंगणवाडीत रजा टाकली. मदतनीस उषाबाई लेकरांना खिचडी वाढून देते म्हणाल्या. बाबांचा आताच डोळा लागला आहे आणि मी ओसरीवर बसले आहे.

परवा रविवारी तू विचारलंस, मशीन नीट ठेवतेस ना, जाळी धुतेस ना, बॅटरी पार उतरू देत नाहीस ना. मी हो म्हणाले. दादा, ते अगदी खरं आहे. माझ्या हजेरीच्या जुन्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तू सांगितलेलं सगळं लिहून ठेवलंय. ओढून झाल्यावर मशीन कोमट असतानाच ब्रशने आतला उरलेला चुरा झाडायचा. आठवड्यातून एकदा जाळी आणि तोंडाची नळी स्पिरिटात बुडवून ठेवायची, पण ज्या वाटीत पाला भरतो तिच्यात स्पिरिट ओतायचं नाही, नुसता कापसाचा बोळा फिरवायचा. वास पूर्ण उडाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. रबराची कडी सैल झाली की बदलायची. पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून ते मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत होते. आता मळणीचे दिवस आहेत, कोंडा उडतो, म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळते. आपल्या घरात इतकी निगा कधी कशाची झाली नसेल.

मे महिन्यात आपण ते निवडलं तो दिवस आठवतो? तू दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला होतास. गांजा न जाळता नुसता तापवायचा आणि त्याची वाफ ओढायची, अशी मशीनं उघड्यावर काचेच्या कपाटात मांडलेली पाहून मी तोंडावर हात ठेवला होता. तुझ्या ऑफिसातल्या त्या बाईंचं तू सांगितलंस, केमोच्या दिवसांत त्यांच्या पोटात काही टिकत नव्हतं आणि ह्या वाफेने दोन घास जाऊ लागले. तू इतका भरभरून बोलत होतास की मध्ये काही विचारावंसं वाटेना. टेबलावर ठेवायचं, फुग्यात वाफ भरणारं मशीन तू आधी दाखवलंस. बाबा खाटेवरून म्हणाले, "फुगा कायले? मी का लहान लेकरू हाओ?" आणि आपण तिघंही हसलो. तसंही आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून ते बाद. दुसऱ्याला मोबाइलवरून उष्णता ठरवायची होती, बाबांना ते जमणार नाही म्हणून तेही बाद. तिसरं टॉर्चसारखं मुठीत मावणारं, एकच मोठं बटण, बॅटरी काढता येणारी. हात थरथरला तरी निसटणार नाही असं. तू विचारलंस, रिंकू, तू सांग कोणतं. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. निवड माझी होती.

जुलैत तुझ्या मित्राची वहिनी ते नागपूरला घेऊन आली आणि मी बसने जाऊन आणलं. त्या दिवशी बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि नाव ठेवलं, देवाची चिलीम. देव म्हणजे तू. आलागेल्याला हसत सांगायचे, पोरानं सातवीत असताना माझ्या बिड्यांचा पुडा तलावात फेकला होता, आता तोच परदेशातून चिलीम धाडून राहिला. तू पुडा फेकल्यापासून बाबांनी बिडी ओठाला लावली नाही हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. डोंग्यात बसून जाळं टाकताना तलफ आली की गवताची काडी चावायचे म्हणे.

मशीन आलं, पण त्यात भरायचं काय, हे आपण तिघांनीही नीट विचारलं नव्हतं. तू म्हणालास, तिकडे तर गावोगावी मिळत असेल. दादा, मिळतं, पण तुझ्या दुकानासारखं नाही. आधी मी बाबांच्या नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारलं, मशीनचा फोटोही दाखवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, बाई, ह्याचं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही, कायद्यात बसत नाही, आणि त्याने दुखणं थांबेलच असंही मी सांगणार नाही. आयुर्वेदात ह्याच वनस्पतीचे थेंब मिळतात, चिठ्ठीवर. एका वैद्यांकडून ते आणले. तेल होतं ते, मशीनमध्ये चालत नाही, जिभेखाली ठेवायचं. आठ दिवस दिलं. आठातले सहा दिवस बाबांना त्याच्या चवीनेच उलटी झाली. मॉर्फिनच्या गोळ्यांचंही तेच, एक पोटात राहते, एक बाहेर येते. मी बादली घेऊन उभी असते आणि किती औषध आत गेलं याचा अंदाज करते.

मग मी तुलाराम काकांकडे गेले. बाबांचा डोंग्यावरचा जोडीदार, भजनात पेटी वाजवणारा. भजन झालं की तो चिलीम ओढतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी अंगणवाडी सेविका, घरोघरी जाऊन बायांना सांगते की नवऱ्याला व्यसनापासून सोडवा, आणि मी त्याच्या दारात उभी. काय मागायला आले ते तोंडातून निघेना. त्यानेच ओळखलं. आत जाऊन कागदाची पुडी आणली, म्हणाला, "बुधरामसाठी ना? ने. कोनाले सांगू नोको."

अकरा दिवस, दादा. ते अकरा दिवस खोटे नव्हते, हे मला तुला सांगायचंच आहे. तू शिकवलंस तसं मी चिमूटभर बारीक करून भरायचे, उष्णता कमी ठेवायचे. बाबा दोन दम घ्यायचे, खोकायचे, आणि अर्ध्या तासाने त्यांच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. दुखणं गेलं नाही. बाबा म्हणायचे, "दुखते, पन दूर बसून दुखते." पाचव्या दिवशी त्यांनी झिंग्याची चटणी मागितली. मी धावत बाजारात गेले. चटणीभात खाल्ला आणि तो पोटात राहिला. त्या रविवारी तू त्यांना पाहिलंस, उशीला टेकून जाळ्याची गाठ मारत बसलेले, आणि तू रडलास. मीही रडले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी तुलाराम काका स्वतःच आला. पलीकडच्या गावात पोलिसांनी धाड टाकली होती आणि दोघांना धरून नेलं होतं. त्याने सगळं होतं नव्हतं ते तलावात टाकलं. माझ्यासमोर हात जोडले, म्हणाला, "बाई, आता मले मागू नोको. माह्या घरी नातनी हायेत." बाबांच्या वयाचा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता. त्यानंतर मी कुठे विचारलं नाही. पेपरात वाचलं की अशा विजेच्या सिगारेटींवरही बंदी आहे. आपलं मशीन त्यात बसतं की नाही हे सांगणारं इथे कोणी नाही, आणि विचारायला जावं तर विचारणंच अंगाशी यायचं. माझी नोकरी गेली तर बाबांच्या उशाशी बसेन, पण बसून त्यांना देऊ काय?

आता ते सांगते जे फोनवर सांगता आलं नाही. पोळ्यापासून त्या मशीनमध्ये काहीही नाही.

पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी तुझा फोन येणार होता. मी बाबांना म्हणाले, दादाला सांगू या की पाला संपला. बाबा म्हणाले, "नोको. तो तिकडे तरफडन. चिलीम आन इकडे. मी ओढतो." मला वाटलं, त्यांना भ्रम झाला. रिकामं कसं ओढणार? ते म्हणाले, "त्याले का दिसते?" आणि खरंच, कमी उष्णतेवर वाफ डोळ्याला दिसत नाही हे तूच आम्हाला शिकवलं होतंस. तुझा फोन आला. बाबांनी बटण दाबलं, दिवा हिरवा होईपर्यंत थांबले, आणि तुझ्याकडे पाहत नुसती गरम हवा ओढली. खोकलेसुद्धा. तू म्हणालास, वा बाबा. फोन ठेवल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून प्रत्येक रविवारी हेच. शनिवारी मला आठवण करून द्यायचे, "उद्या देवाचा फोन हाय, चिलीम चार्जिंगले लाव." तुझ्या फोनच्या आधी अर्धा तास दाढी करवून घ्यायचे, मी गालांना जरा तेल लावायचे म्हणजे चकाकी दिसते. आणि फोन झाला की मी ते रिकामं मशीन पुन्हा ब्रशने झाडायचे, जाळी स्पिरिटात टाकायचे. त्यात साफ करायला काही नसायचं, दादा. तरी करायचे. तू विचारलंस तर निदान तेवढं तरी खरं सांगता यावं म्हणून. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. नागपूरची बस, गोळ्या, बादली, आणि हे.

ऑक्टोबरमधला तो रविवार मला विसरता येत नाही. तू म्हणालास, बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला आहे, मशीन चांगलं मानवलं. डिसेंबरचं तिकीट मे महिन्यात टाकतो, तोवर कायम राहण्याचा कागदही हातात येईल, मग निवांत महिनाभर राहीन. बाबा लगेच म्हणाले, "हो हो, काहून घाई करतो?" तू मला विचारलंस, रिंकू, चालेल ना? फोन माझ्या हातात होता. बाबांनी खाटेच्या कडेखाली माझ्या दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं, तुला दिसणार नाही असं. त्यांच्या हातात आता जोर राहिलेला नाही, मी सहज सोडवून घेऊ शकले असते. मी म्हणाले, चालेल.

तुला फसवायचं म्हणून नाही केलं. आधी वाटलं, एक रविवार. मग वाटलं, कुठूनतरी पाला मिळेल आणि मग खोटं खरं होईल. मग तर तुला आनंद होतोय एवढंच बरं वाटायला लागलं. घरातल्या तीन माणसांपैकी एक तरी आनंदात होता.

परवाच्या रविवारी तुझा व्हिडिओ मधेच बंद पडला आणि मी मेसेज टाकला की नेटवर्क गेलं. नेटवर्क होतं. बाबांना मशीन उचलता आलं नाही. मी ते त्यांच्या ओठांना लावलं, पण ओढायला श्वास पुरला नाही, नळी तशीच ओठातून घसरली, आणि ते माझ्याकडे असे पाहू लागले की मी फोन बंद केला. काल बाबांचा डोळा लागल्यावर डॉक्टरांना दबक्या आवाजात फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता नागपूरला आणू नका, त्रासच होईल. संक्रांत धरू नका, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी विचारलं, दुखू नये म्हणून तरी काही? त्यांनी अंगाला लावायची पट्टी लिहून दिली आहे, शेजारच्या शकुनबाईचा जावई उद्या नागपूरहून आणतो म्हणाला. बघू.

म्हणून हे लिहिलं, दादा. तू नवीन मॉडेल पाठवतो म्हणालास, पाठवू नकोस. काहीच पाठवू नकोस. कागद पक्का व्हायचा असेल तर तो नंतरही होईल, आणि नाही झाला तरी तू मला आयुष्यभर बोल, मी ऐकून घेईन. बाबांना मी हे पत्र सांगितलेलं नाही. तुला दारात पाहून ते माझ्यावर चिडतील, म्हणतील, पोरीनं सांगितलंच शेवटी. चिडू दे. बऱ्याच दिवसांत ते कोणावर चिडले नाहीत. तू मिळेल त्या विमानाने ये, आणि निघालास की मला फोन न करता नुसतं एवढंच लिही, निघालो. मी त्यांच्याजवळ बसून वाचेन.

तुझीच,
रिंकू