तुमच्या संमतीशिवाय काढलेला परवाना

अप्पा, अहमदपूरच्या दुकानाचं लाईट बिल अजून तुमच्याच नावानं येतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, दादानं तुमच्या यात्रेच्या फोटोंच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगली, पण बिलावर तुम्ही जसेच्या तसे आहात. कुणाचं काही अडत नव्हतं म्हणून कुणी नाव बदललं नाही. अडलं ते माझं. प्रवासी एजंट म्हणून त्याच दुकानाच्या पत्त्यावर रीतसर नोंदणी करायला मी निघाले आणि पहिल्याच पायरीवर मला सांगितलं, जागा ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतीपत्र आणा. म्हणजे तुमचं! आधी मला हसू आलं, आणि मग असा राग आला की विचारू नका. ज्या माणसानं जिवंतपणी मला कधी हो म्हटलं नाही, त्याच्याकडं मेल्यावर संमती मागायची होती.

परवाना परवाना म्हणतात, पण तो एक कागद नसतोच. दुकानाची नोंदणी, जीएसटी, पर्यटन खात्याकडं नोंद, रेल्वेच्या तिकिटांसाठी एजंटची वेगळी ओळख, असं एकाला एक लागून निघत जातं. हे सगळं करून देणारे एक गृहस्थ लातूरला भेटले. कपाळावर ठसठशीत विभूती, बोलणं गोड. त्यांनी लाईट बिल पाहिलं आणि म्हणाले, "ताई, वडलांची सही मारून टाका की. कोण बघायलंय?" मी म्हटलं, "अहो, ते वारलेत." तर म्हणतात, "म्हणून तर म्हणायलो. ते थोडीच तक्रार करायला येणारेत?" तुमची सही मला जमली असती, अप्पा. शाळेत असताना जमवलेली आहे, तो विषय इथं नको. पण ह्या कामाला तुमची सही? छे. मग दादाकडं गेले. तो म्हणाला, "कशाला एवढा घोळ? बिल मी माझ्या नावावर करून घेतो, नोंदणीपण माझ्याच नावानं काढू. काम तू बघ की. लोकांना अप्पांचा पोरगा म्हटलं की भरवसा वाटतो." मी म्हटलं, "आणि मी कोण, अप्पांची शेजारीण?" वहिनी आतून चहा घेऊन आली ती आमची तोंडं बघून तशीच परत गेली. त्या दिवशी मी चहा न घेता नांदेडची बस धरली.

यात्रेच्या गाड्या काढायला तुमच्याकडं कुठला कागद होता? लेटरहेडसुद्धा नव्हतं. एसटी स्टँडसमोरचं ते दुकान, भिंतीवर श्रीशैलम आणि काशीचे फोटो, आणि तुम्ही. कुणी विचारलंच तर छातीवर हात ठेवून म्हणायचात, "लोकांचा विश्वास हाय, हाच परवाना." लोकांचा विश्वास होता, मी नाही म्हणत नाही. गर्दीत तुम्ही कधी कुणाला मागं ठेवून आला नाहीत. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन पायऱ्या चढलेले तुम्ही मी डोळ्यानं पाहिलेत. पण विश्वासावर चालणाऱ्या गाडीत कुणाचं काही चुकलं तर सांगायचं कुणाला? तुमचं चुकलं तर तुम्हालाच सांगायचं, आणि तुम्ही ऐकणार नाही. असा तो कारभार होता.

त्या सहलीचं मी तुमच्याशी कधीच बोलले नाही, आज बोलते. मी आठवीत आहे. नेहमीच्या भाकरीवाल्या बाईला ताप आहे म्हणून आचाऱ्याच्या हाताखाली भाकरी थापायला तुम्ही मला सोबत घेतलंय. उदगीर, बीदर, हैदराबाद करत आपली गाडी श्रीशैलमला निघालीय. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचं गेट अंधार पडल्यावर बंद होतं, आणि ते गाठणं ही तुमची शान. "माझी गाडी गेट चुकली असं कुणी म्हणून दाखवावं," हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळं तुमच्या गाडीतल्या बायका सकाळपासून पाणी पीत नसत. कुणी सांगायला लागायचं नाही, तांब्या पुढं आला की नुसता पुढं सरकवायच्या. आपल्या गल्लीतल्या काकू माझ्या शेजारी बसल्यात. उन्हानं घसा सुकला म्हणून चुकून दोन घोट जास्त प्यायल्या एवढंच. हैदराबाद मागं पडतं आणि त्या माझा हात दाबतात. "माय, तुझ्या अप्पाला म्हण की, गाडी जरा थांबवा म्हणावं. मला ऱ्हावत न्हाई आता."

मी उठून पुढं येते. तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी, नजर घड्याळावर. मी कानात सांगते आणि तुम्ही सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलता, "आत्ता? गेट बंद झालं तर तू उघडणारंस का? जा, बस जाग्यावर." मागचे पुरुष हसतात. मी परत येते तेव्हा काकू खिडकीबाहेर बघतायत आणि त्यांच्या डोळ्याला धार लागलीय. आपण गेट गाठलं, अप्पा. गेटावरच्या माणसाला तुम्ही हात केलात, गाडीत जयजयकार झाला. काकू मात्र सीटवरून उठेनात. सगळे उतरल्यावर मी त्यांना आडोशाला नेलं. सकाळी लोक देवाला हात लावायला रांगेत उभे राहिले आणि त्या धर्मशाळेच्या मागं धुतलेल्या लुगड्याजवळ बसून राहिल्या. मी ओढायला गेले तर म्हणाल्या, "अशी कशी जाऊ देवापुढं? राहू दे. कुणाला सांगू नको माय." मग तुमची शिट्टी वाजली आणि गाडी निघाली. अहमदपूरला उतरल्यावर गल्लीतल्या बायकांनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "लई चांगलं दर्शन झालं. हात लावून." तुम्ही तिथंच उभे होता. तुमची मान अभिमानानं ताठ झाली होती. मला तेव्हा तुमचा इतका राग आला की मी दोन दिवस तुमच्या ताटात वाढायला गेले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढं बीए झाल्यावर मी स्वयंपाकघरात तुम्हाला विचारलं, मी तुमच्यासोबत धंद्यात येऊ का. तुम्ही जेवत होता. घास न थांबवता म्हणालात, "बाईमाणसाच्या शब्दावर गाडी थांबत न्हाई की चालत न्हाई. ड्रायव्हर ऐकत न्हाई, धर्मशाळेवाला ऐकत न्हाई. तुझं लग्न बघू लागलोय." आईनं तव्यावरची भाकर उलटली. ती कधी तुमच्या गाडीत बसली नाही, हे तुमच्या कधी ध्यानात आलं का? मी विचारलं होतं तिला. म्हणाली, "मला दिवसभर तहान मारता येत न्हाई बाई." मग माझं लग्न झालं, नांदेडला आले, आणि दुसऱ्याच्या ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर मी अर्धं आयुष्य तिकिटं काढली. सगळा धंदा तिथं शिकले. तुमच्याकडून शिकायचा होता तो परक्याकडून शिकले. झालं ते झालं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता ऐका. नांदेडला मी माझ्या नावानं गाळा भाड्यानं घेतला. मालकीण निवृत्त शिक्षिका. संमतीपत्रावर जिवंत बाईची सही, तीही चष्मा लावून, प्रत्येक ओळ वाचून. पडताळणीसाठी पोलीस घरी आला तेव्हा शेजारीण वाटी मागायच्या निमित्तानं येऊन गेली, "काय झालं हो, सगळं बरंय ना?" म्हणून. मी म्हटलं, "लई बरंय." मग जागा तपासायला साहेब आले. मालकाचा बोर्डाखाली फोटो लागतो म्हणाले. समोरचा पानवाला लगेच आमच्या ह्यांना हाक मारायला लागला, "चला मालक, उभे ऱ्हावा." हे म्हणाले, "मी कुठला मालक? मी चहा सांगायला चाललोय." मी पदर सारखा केला आणि बोर्डाखाली उभी राहिले. बोर्डावर माझं नाव आहे, अप्पा. खाली माझा नोंदणी क्रमांक. तुमचं नाव घाल, गिऱ्हाईक येईल, असं दहा जणांनी सांगितलं होतं. नाही घातलं. गिऱ्हाईक आलं.

पहिली गाडी मी मुद्दाम श्रीशैलमलाच काढली. नांदेड, उमरी, बिलोलीकडच्या बायका, काहींचे नवरे, आणि उमरीच्या एक सासू-सून, दोघीही विधवा. गाडी सुटताना मी मधल्या वाटेत उभी राहून सांगितलं, "पाणी प्या. पोटभर प्या. जिला थांबायचंय तिनं नुसतं ताई म्हणायचं." बायका एकमेकींकडं बघून हसल्या. विश्वास कुणाचाच बसला नाही. बाटल्या पिशवीत तशाच. मग मी स्वतः सगळ्यांपुढं तांब्याभर पाणी प्यायले आणि बिलोली सोडून थोडं पुढं गेल्यावर स्वतःच गाडी थांबवली. तेव्हा कुठं बाटल्यांची टोपणं निघाली.

हैदराबाद मागं पडलं, दिवस कलायला लागला, आणि मागून बारीक आवाज आला, "ताई." उमरीच्या सासूबाई. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "ताई, आता थांबलो की गेट गेलं बघा. सांगून ठेवतो." तुमची शपथ, अप्पा, त्या क्षणी तुम्ही माझ्या शेजारच्या सीटवर बसला होता, नजर घड्याळावर. गेट चुकलं की पहिल्याच गाडीला नाव जाणार, दादा म्हणणार, सांगितलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाल्या, "न्हाई न्हाई, ऱ्हावू द्या, जमतंय मला." ते "जमतंय" मला ऐकवलं नाही. मी म्हटलं, "थांबव." तो म्हणाला, "पण ताई," मी म्हटलं, "गाडी कुणाच्या नावावर निघालीय? थांबव म्हणते ना!" थांबवली त्यानं. पेट्रोल पंपावर, स्वच्छ जागी. एक उतरली आणि तिच्या मागं सगळी गाडी उतरली. किती जणी दिवसभर दाबून बसल्या होत्या ते तेव्हा कळलं.

गेट चुकलं. आडवा पडलेला दांडा, पलीकडं अंधार, आणि गेटावरचा माणूस तेलुगूत उद्या या म्हणत होता. आम्ही मागं वळलो, अलीकडच्या गावात एक मंगल कार्यालय मिळालं, आचाऱ्यानं पिठलं टाकलं, बायकांनी सतरंज्या अंथरल्या आणि गाणी म्हटली. कुणाचंही काही बिघडलं नाही. एक-दोन पुरुष कुरकुरले, त्यांना मी दोन भाकरी जास्त वाढल्या. सकाळी गेट उघडलं तेव्हा आमचीच गाडी पहिली होती. उमरीच्या सासूबाईंनी देवाला हात लावला आणि बाहेर येऊन तोच हात माझ्या तोंडावरून फिरवला. मला आपल्या गल्लीतल्या काकूंची आठवण आली आणि मी मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं, भक्तीनं. तर हे असं आहे, अप्पा. गाडी बाईमाणसाच्या शब्दावर थांबते. चालतेही. तुमचं चुकलं होतं, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायला मिळालं नाही याचंच मला दुःख आहे.

हे कुठं पाठवायचं ठाऊक नाही. दुकानाच्या पत्त्यावर टाकलं तर दादा उघडेल, आणि ते मला नको आहे. कारण एक राहिलंय. त्या रात्री मंगल कार्यालयात पिठलं शिजत असताना त्याचा फोन आला होता. बाकी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "गेट गाठलं का गं?" आणि मी, जिनं सगळ्या गाडीसमोर ड्रायव्हरला दटावलं होतं ती मी, पटकन म्हणाले, "हो तर. वेळेत गाठलं." तुम्ही कुणाला सांगू नका.